१६५ मतं आणि एक गप्प बसलेले मास्तर

(हा पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.)

आज कागलमध्ये घरीच बसून रेकॉर्ड करतेय, त्यामुळं मागं ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. पुणे-बेंगळुरू हायवे आमच्या गावाला चिकटूनच जातो. आणि आजच्या गोष्टीत हा हायवे दोनदा येणार आहे, त्यामुळं असू दे त्याचाही आवाज.

विषय जरा मोठा आहे. लोकशाही एका दिवसात जात नाही, ती हळूहळू पातळ होत जाते. अशा वेळी काही माणसं उठून विरोध करतात आणि बाकीची गप्प बसतात. उठणारी का उठतात? त्यांच्यात असं काय असतं, जे गप्प बसणाऱ्यांत नसतं? हा प्रश्न मला एखादं पुस्तक वाचून पडला असता तर बरं झालं असतं. पण तो पडला गेल्या सप्टेंबरात, एका सेवा सोसायटीच्या वार्षिक सभेत.

मंजूर, मंजूर

सोसायटीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. आजोबा गेल्यावर त्यांचा शेअर माझ्या नावावर झाला, म्हणून मी पहिल्यांदाच सभेला गेले. आमच्याकडच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना पुढचं माहीतच असेल. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, "विषय नंबर तीन, मंजूर का?" आणि पुढच्या चार रांगा ओरडतात, "मंजूर, मंजूर!" नऊ विषय अकरा मिनिटांत संपले. मी मोबाईलवर वेळ लावली होती.

सातवा विषय पोटनियम दुरुस्तीचा होता. संचालक मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल, तर सभासदाची ठेव किती हवी तो आकडा वाढवायचा होता. म्हणजे लहान शेतकऱ्यानं उभंच राहायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मी अहवाल घरी वाचला होता. प्रश्न कागदावर लिहून नेला होता. कागद पर्समध्ये होता. आणि मी उठले नाही.

मागून एक म्हातारे शेतकरी उठले. "ओ, जरा थांबा की. काय मंजूर केलं ते आमास्नी कळू दे." त्यांच्यापर्यंत माईक गेलाच नाही. दोघं-तिघं म्हणाले, "व्हय, थांबा." तेवढ्यात आभार मानून झाले आणि राष्ट्रगीत लावलं. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले, पण राष्ट्रगीतासाठी.

घरी येऊन आज्जीला सांगितलं. ती लसूण सोलत होती. वर न बघताच म्हणाली, "तुझा आजा पण असाच. आणीबाणीत तोंडातनं शब्द काढला न्हाई."

मग मी तिला विचारत बसले, आणि नंतर वाचत बसले. त्यातून हा भाग तयार झालाय.

२६ जून

परवाच २६ जून झाला. आपल्याकडं हा दिवस राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीचा, सामाजिक न्याय दिनाचा. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेला मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. त्यानं पुढं १९०२ मध्ये संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यामुळं कागलमध्ये या दिवशी फुलं, मिरवणूक, भाषणं सगळं असतं.

पण १९७५ साली याच तारखेला, गुरुवारी सकाळी, रेडिओवर पंतप्रधान इंदिरा गांधींचा आवाज आला. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केलीय, घाबरायचं काही कारण नाही, असं त्या म्हणाल्या.

थोडक्यात मागचं सांगते. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिराजींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला अटी घालून स्थगिती दिली. २५ जूनला दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची मान्यता घेतली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सही झाल्यावर. आणि दिल्लीत जिथं बरीच वर्तमानपत्रं छापली जायची, त्या रस्त्यावरची वीज रात्रीच गेली होती.

आज्जी सांगते, आजोबा तेव्हा कोल्हापुरातल्या एका शाळेत मास्तर होते. तिथंच खोली करून राहायचे, मतदारयादीतलं नावही तिथलंच. शनिवारी एसटीनं कागलला यायचे. त्या शनिवारी आले, जेवले, आणि म्हणाले, "आता कचेरीत माणसं वेळेवर येत्यात." बास. एवढंच.

गप्प बसणाऱ्यांची बाजू

आधी आजोबांची बाजू मांडते, कारण ती खोटी नव्हती. त्याआधीची दोन-तीन वर्षं फार वाईट गेली होती. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ, मग महागाई, १९७४ चा रेल्वे संप. लोक दमले होते. आणीबाणीत संप थांबले, गाड्या वेळेवर यायला लागल्या. पवनारहून विनोबा भाव्यांनी या काळाला 'अनुशासन पर्व' म्हटलं, आणि सरकारनं ते शब्द भिंतीभिंतींवर रंगवले. विनोबाच म्हणत असतील तर मास्तरानं काय म्हणायचं?

शिवाय वाईट बातमी कळायची कुठून? वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुंबईच्या 'टाइम्स'मध्ये कुणीतरी निधनवार्तेच्या छोट्या जाहिरातीत लोकशाहीच मेल्याची बातमी घुसवली, नावांची अशी काही मोडतोड करून की तपासणाऱ्याच्या लक्षातच आलं नाही. पण हे वाचणारे किती? कोल्हापुरातल्या खोलीत रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला देश शांत आहे असंच वाटणार.

आणि मिसा कायदा होताच. उचललं तर कारण सांगायची गरज नाही. घरात चार खाणारी तोंडं आणि पगार एक. मी आजोबांना दोष द्यायला बसलेले नाही. मला तर कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं, तरी मी उठले नाही.

मग उठले ते कोण?

शहा आयोगाच्या आकड्यांप्रमाणं मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं आत गेली. म्हणजे एकूण १,१०,८०६. यातली पुष्कळ काही न करताच उचललेली होती. पण नंतर स्वतःहून गेलेलेही हजारोंनी होते. त्यांच्याकडं बघितलं की मला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण, सवय. हे ऐकायला साधं वाटतं, पण माझ्या मते हे सगळ्यात मोठं. मृणाल गोऱ्यांचंच बघा. गोरेगावात पाण्यासाठी भांडून भांडून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. मग महागाईविरुद्ध बायकांना घेऊन लाटणं मोर्चे काढले. त्यात त्यांच्यासोबत अहिल्याताई रांगणेकर होत्या. एक समाजवादी, दुसरी कम्युनिस्ट. आणीबाणी आली तेव्हा मृणालताई भूमिगत झाल्या, नंतर पकडल्या गेल्या. अहिल्याताईही तुरुंगात गेल्या. या बायकांना विरोध करायला १९७५ मध्ये नव्यानं शिकावं लागलं नाही. तेल आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरून पाय तयार झाले होते. पश्चिम महाराष्ट्रात तर प्रतिसरकारच्या काळातली, १९४२ ची माणसं अजून हयात होती. सत्तेला नाही म्हणता येतं, हे त्यांनी स्वतः करून पाहिलेलं होतं.

दुसरं कारण, ओळखीचं माणूस. १४ नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीनं देशभर सत्याग्रह केला. त्यात गेलेली माणसं बहुतेक एकेकटी गेली नाहीत. कुणी संघाच्या शाखेतल्या मित्रांबरोबर, कुणी सेवादलातल्या किंवा युनियनमधल्या सोबत्यांबरोबर. विचार एकमेकांच्या अगदी उलटे, आणि शेवटी येरवड्याच्या एकाच भिंतीआड. उलट भाकपनं आणीबाणीला पाठिंबा दिला होता, शिवसेनेनंही दिला होता. म्हणजे 'अमुक विचाराचे लोक लोकशाहीसाठी उभे राहतात' असा सोपा हिशेब इथं लागत नाही. शेजारी कोण बसलंय, त्यावर बरंच ठरतं.

कराडची बाई

तिसऱ्या कारणासाठी आपल्या हायवेनं कोल्हापूर ओलांडून पुढं कराडला जाऊ. डिसेंबर १९७५. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, आणि कराड त्यांचं स्वतःचं गाव. जयप्रकाश तेव्हा नुकतेच सुटले होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. त्या मांडवात, मंत्र्यांसमोर, दुर्गाबाईंनी आणीबाणीचा उघड निषेध केला आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

दुर्गाबाई कुठल्या पक्षात नव्हत्या. लोकसाहित्याच्या अभ्यासक, ग्रंथालयात रमणारी बाई. त्यांना पाठीशी घालायला संघटना नव्हती आणि मोर्च्यांची सवयही नव्हती. मग त्या का बोलल्या? माझा समज असा आहे की लेखकानं लिहायचं काय हे कुणी सरकारी माणूस ठरवणार असेल, तर गप्प बसून लेखक म्हणवून घेणं त्यांना जमलंच नसतं. आपल्या कामाची लाज राखणं, हे तिसरं कारण.

असाच दुसरा माणूस म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. मिसाखाली आत टाकलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं होता. खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं, उद्या एखाद्या पोलिसानं वैरापोटी माणूस मारला तर? उत्तर आलं, आणीबाणी असेपर्यंत दाद नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूनं आणि खन्ना एकटे विरोधात. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीश व्हायची त्यांची पाळी होती, ती डावलली गेली. त्यांनी राजीनामा दिला. मोर्चा न काढता, खुर्चीत बसल्या बसल्या केलेला हा विरोध आहे.

घरात शिरलेलं सरकार

चौथं कारण आज्जीनं सांगितलं, आणि ते सांगताना तिनं दार लोटून घेतलं.

१९७६ मध्ये नसबंदीची मोहीम जोरात आली. देशात १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण दबाव होताच. आज्जी म्हणते, मास्तरांना 'केसेस' आणायला सांगायचे. आजोबा एका पालकाच्या घरी गेले. त्या माणसानं पाणी दिलं, चहा केला, आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमी असल्या कामाला यायचं न्हाई." आजोबा चहा न पिता परत आले. त्या रात्री जेवले नाहीत.

घटनेचं कलम १९ स्थगित झालं तेव्हा आजोबांना काही वाटलं नाही. भाषणस्वातंत्र्य त्यांनी कधी वापरलंच नव्हतं. पण आपल्या पालकासमोर मान खाली गेली, तेव्हा त्यांना कळलं की काहीतरी हातातून गेलंय. बहुतेक माणसांचं असंच होतं. हक्क गेल्याचं कळतं ते तो हक्क नसल्यामुळं एखादी नको ती गोष्ट दारात आल्यावर.

आकडे हेच सांगतात. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान झालं. जिथं ही मोहीम सगळ्यात कठोर होती, त्या उत्तर प्रदेशात ८५ पैकी आणि बिहारमध्ये ५४ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ मिळाल्या. आणीबाणी तीच, घटना तीच. महाराष्ट्र मधोमध होता, ४८ पैकी २० काँग्रेसला आणि २८ बाकीच्यांना.

आणि कोल्हापूर? कोल्हापूर मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई निवडून आले. किती मतांनी? १६५. त्या निवडणुकीतला देशातला सगळ्यात निसटता निकाल.

पहिला कोण उठणार?

आता जरा सिद्धांताकडं येऊ, थोडाच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये एक साधी कल्पना मांडली. प्रत्येक माणसाच्या मनात एक आकडा असतो. किती जण आधी उठले तर मी उठेन? कुणाचा आकडा शून्य, तो एकटाच उठतो. कुणाचा तीन, कुणाचा पन्नास. शून्यवाला असला पण एकवाला आणि दोनवाला नसला, तर तो एकटाच उभा राहतो आणि बाकीचे 'वेडा आहे' म्हणतात. दोन ठिकाणची माणसं जवळपास सारखीच असूनही एकीकडं आंदोलन पेटतं आणि दुसरीकडं काहीच होत नाही, ते यामुळं.

आमच्या सभेत ते म्हातारे शून्यवाले होते. दोघं-तिघं त्यांच्या मागं लगेच आले. माझा आकडा बहुतेक चार होता. अजून अर्धा मिनिट मिळाला असता तर... असं मी स्वतःला सांगते. खरं-खोटं मलाही माहीत नाही.

हा आकडा खाली कसा येतो, याचं उदाहरण परवाचंच आहे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी, यून सुक योल यांनी, टीव्हीवर लष्करी कायदा जाहीर केला. काही मिनिटांत सोलमधली माणसं संसदेकडं निघाली. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले. आत कर्मचाऱ्यांनी टेबल-खुर्च्या लावून दारं अडवली. मध्यरात्रीनंतर १९० खासदारांनी एकमतानं ठराव करून तो कायदा फेटाळला, आणि पहाटे अध्यक्षांना माघार घ्यावी लागली. एवढ्या रात्री माणसं का निघाली? १९८० मध्ये ग्वांग्जू शहरात लष्करानं काय केलं होतं, हे तिथल्या घराघरात माहीत आहे. ज्यांनी ते सांगितलं त्यांनी पुढच्या पिढीचा आकडा कमी करून ठेवला.

आमच्या घरात आणीबाणीबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पोट आणि हक्क

कमेंटमध्ये तुमच्यातले बरेच जण लिहितात की ताई, लोकशाही वगैरे भरल्या पोटाच्या गोष्टी, गरिबाला भाव हवा. म्हणून पुन्हा हायवेवर येऊ, या वेळी उलट्या दिशेला. कागलच्या पुढं सीमा ओलांडली की निपाणी. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी याच हायवेवर कित्येक दिवस ठाण मांडून बसले. शेवटी पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. मागणी पूर्ण पोटाची होती. पण विचार करा, हेच शेतकरी १९७६ मध्ये रस्त्यावर बसले असते तर? पहिल्याच दिवशी पुढारी मिसाखाली आत, पेपरात एक ओळ नाही, कोर्टात दाद नाही. १९८१ मध्ये निदान बसता तरी आलं, आणि गोळीबाराची बातमी देशभर गेली. भाव मागायला जी जागा लागते, ती जागा राखणं म्हणजेच लोकशाहीसाठीचा विरोध. भरलेलं पोट नसणाऱ्यालाच ती जागा जास्त लागते.

आणीबाणी २१ मार्च १९७७ ला उठली. पुढच्या वर्षी ४४ वी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण काढून तिथं 'सशस्त्र उठाव' आलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला बंधनकारक झाला, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं. खन्नांचं एकट्याचं मत असं दोन वर्षांत घटनेत उतरलं.

एकशे चौसष्ट

आज्जीला शेवटी विचारलं, आजोबांनी मत कुणाला दिलं? म्हणाली, कधी सांगितलं नाही. पण निकालानंतरच्या शनिवारी घरी आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "मी गेलो नसतो तर एकशे चौसष्ट झाली असती."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. आज्जीला नाही. ती म्हणाली, "व्हय. पण मृणालताई तुरुंगात गेली तवा ह्यांनी पेपर उलटा ठेवला हुता."

दोन्ही खरं आहे. गुप्त मतदान होतं म्हणून गप्प बसलेल्या मास्तरांनाही बोलता आलं. पण निवडणूक जाहीर होईपर्यंत एकोणीस महिने बाकीचं ओझं दुसऱ्यांनी वाहिलं. ते नसते तर मतपेटीपर्यंत गोष्ट आली असती की नाही, कोण सांगणार?

यंदाची सभा सप्टेंबरात आहे. या वेळी प्रश्न आधीच लेखी देणार आहे, पोच घेऊन. त्या म्हाताऱ्या काकांना शोधून काढलं, त्यांनी सही केलीय. म्हणाले, "पोरी, मागच्या बारीला माझ्या मागं कोण बसलंय ते बघायला मी वळलो हुतो." आणखी दोन सह्या मिळाल्यात. आज्जी सभासद नाही, पण दारात खुर्ची टाकून बसणार म्हणतेय.

तुमच्या घरात आणीबाणीचं कुणी काही सांगितलंय का? सांगितलं नसेल तर विचारा, विचारण्यासारखी माणसं आता थोडीच उरलीत. आणि जमलं तर त्यांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.